खिडकीकडचा गाल

माझ्या चेहऱ्याच्या दोन बाजूंमध्ये वयाचे अंतर पडले आहे, ही बातमी मला एका त्वचारोगतज्ज्ञांनी दिली. मी त्यांच्याकडे गेलो होतो तो तळपायाच्या कुरुपासाठी, परंतु तळपाय पाहून झाल्यावर त्यांनी मान वर केली, माझा चेहरा आधी एका अंगाने आणि मग दुसऱ्या अंगाने न्याहाळला, आणि शांतपणे विचारले, "आपण कामाला बसता तेव्हा खिडकी डाव्या हाताला असते का?"

असते. कार्यालयातील ती खिडकीजवळची जागा मी दोन सहकाऱ्यांशी भांडून मिळवली होती आणि अकरा वर्षे तिथे विजयी मुद्रेने बसलो होतो. काच बंद असे, त्यामुळे ऊन अंगाला लागत नाही, फक्त उजेड मिळतो, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी ती दोन मिनिटांत उतरवली. उन्हातल्या अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांपैकी त्वचा लाल करून भाजणारे यूव्हीबी किरण साधी काच बहुतांशी अडवते. परंतु यूव्हीए किरण तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात, त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिला ताठ ठेवणारे कोलॅजन हळूहळू कुरतडतात. ते भाजत नाहीत, चटका देत नाहीत, म्हणजेच तक्रार करण्याची संधीच देत नाहीत. मग त्यांनी मला २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेले छायाचित्र दाखवले. अठ्ठावीस वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या त्या गृहस्थांचा खिडकीकडचा गाल दुसऱ्या गालाचा वडील वाटावा, इतका सुरकुतलेला होता. माझे प्रकरण अजून थोरल्या आणि धाकट्या भावांवरच थांबले आहे, एवढाच त्यातला दिलासा.

"मग आता खुर्ची उलटी फिरवून उजव्या गालालाही अकरा वर्षे दिली, तर दोघे सारखे होतील का?" असे मी विचारले. डॉक्टरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी सनस्क्रीन लिहून दिले.

सनस्क्रीन लावणे म्हणजे चेहऱ्याला क्रीम लावणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते कधीच पुरेसे लावलेले नसते. नळीवरचा एसपीएफचा, म्हणजे भाजणाऱ्या उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने लेप देऊन ठरवतात, आणि आपण त्याच्या निम्मेसुद्धा लावत नाही. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे दोन रेघा काढल्या. माझे सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे असल्यामुळे ते त्वचेत मुरण्याऐवजी त्वचेवर मुक्काम करते. आरशात पाहिले तेव्हा दोन्ही भाऊ सारखेच दिसत होते, पण दोघेही नुकतेच निवर्तल्यासारखे. बायको म्हणाली, "अहो, बाहेर जाताय ना? मग कोणाला काही सांगून तरी जा."

बरे, एवढे करून सुटका नाही. एसपीएफ ५० घेतले म्हणजे ३० पेक्षा जवळजवळ दुप्पट संरक्षण मिळेल, हा माझा हिशेबही चुकला; पुरेसे लावले तर ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के. एका टक्क्यासाठी मी दुकानात किती ऐटीने बोट दाखवले होते! शिवाय हा आकडा यूव्हीबीचा. माझ्या थोरल्या गालाचा खरा वैरी यूव्हीए, त्यासाठी नळीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द शोधावे लागतात, आणि ते वाचायला चश्मा लागतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचे, घाम आला तर त्याआधीच. घाम मात्र वाट पाहत नाही. तो कपाळावरचे सनस्क्रीन घेऊन थेट डोळ्यांत उतरतो, आणि मग मी भर रस्त्यात, कोणतेही दुःख नसताना, रडत उभा असतो.

आभाळ भरून आले की मला सुट्टी मिळाल्यासारखे वाटायचे. तेही गेले, कारण पातळ ढगांतून या किरणांचा बराच भाग खाली येतोच. आता मी घराबाहेर पडताना स्वतःची सावली मोजतो. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन प्रखर समजायचे, असा सोपा नियम आहे. फाटकाशी उभे राहून स्वतःच्या सावलीकडे टक लावून पाहणाऱ्या मध्यमवयीन माणसाविषयी शेजारी काय बोलतात, ते मी विचारत नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि झाडाची सावली यांच्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. त्या डोळ्यांत जात नाहीत.

खिडकीजवळची जागा मी शेवटी सोडली. ती एका तरुण सहकाऱ्याने आनंदाने पटकावली आणि मी एवढा उदार कसा झालो, याचे सर्वांना नवल वाटले. मनाला टोचणी नको म्हणून मी पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर सनस्क्रीनची एक नवी नळी ठेवली. संध्याकाळी तो मुद्दाम माझ्याकडे आला आणि हात पुढे करून म्हणाला, "सर, काय मऊ झालेत बघा! रोज झोपताना लावणार."