जेल, कचरा आणि एकभाषिक माणूस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ईईजीने, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत सिग्नल मोजून, द्विभाषिकांचा अभ्यास करायला शिकण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. कोण भाषा किती शिकलं हे शिक्षकाला साध्या चाचणीत कळतं, त्यासाठी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोडचं जेल कशाला फासायचं? सिग्नल निम्मा कचरा असतो, तो सॉफ्टवेअरने घासून हवी ती लाट काढता येते. आणि आपल्याकडे एकभाषिक माणूस मिळणार कुठे, मग तुलना कोणाशी?

कचऱ्याचं आधी घेते, कारण त्यात दम आहे. डोळ्यांची एक उघडझाप सहज १०० मायक्रोव्होल्टच्या पुढे जाते. भाषेचा जो परिणाम आपण शोधतो तो जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. दात आवळले की स्नायूंचा गोंगाट, घाम आला की रेषा सरकते, भिंतीतल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ वेगळेच. ‘तेल न लावता, केस धुवून या’ असं कळवूनही कुणीतरी चप्प तेल लावून येतंच. मग बोथट सुईच्या सिरिंजने केस बाजूला सारत, एकेका इलेक्ट्रोडखाली जेल भरत बसायचं आणि स्क्रीनवरचा इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युत अडथळा) उतरायची वाट बघायची.

हवी ती लाट काढता येते, हेही काही अंशी खरं. ‘चहात दोन चमचे वाळू घाल’ यातल्या ‘वाळू’सारख्या, अर्थाने न बसणाऱ्या शब्दावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण लाट दिसते. ती एन४००, कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी १९८० साली दाखवलेली. ‘त्याने पोळी खाल्ला’ अशा व्याकरणाच्या चुकीवर सहसा ६०० च्या आसपास धन लाट येते, ती पी६००. आता हाय-पास फिल्टर (सिग्नलमधले संथ चढउतार काढून टाकणारा) जास्त कडक लावला, तर खऱ्या पी६००च्या आधी एक खोटा ऋण उतार तयार होतो आणि तो एन४०० म्हणून खपू शकतो! म्हणूनच फिल्टर कोणता, वेळेची खिडकी कुठली (शब्दानंतरचा कोणता काळ मोजायचा), हे डेटा बघण्याआधी लिहून ठेवायचं असतं. इलेक्ट्रोडची टोपी चढवायला हात बसतो. ही शिस्त अंगी बाणायला जास्त वेळ लागतो.

चाचणीबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेंच शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांना खरे आणि बनावट फ्रेंच शब्द ओळखायला दिले होते. सरासरी १४ तासांच्या शिकवणीनंतर त्यांची उत्तरं अंदाजपंचेच होती, पण एन४०० दोन्ही प्रकारच्या शब्दांना वेगळा होता. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. चाचणीने या मुलांना नापासच केलं असतं.

ईईजी मेंदूत ‘कुठे’ ते नीट सांगत नाही, हे मान्य. अशा अभ्यासांत ते त्यासाठी वापरतही नाहीत.

राहिला एकभाषिक माणूस. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या थिएरी आणि वू या संशोधकांनी २००७ साली चिनी-इंग्रजी द्विभाषिकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवून एवढंच विचारलं, की अर्थाने संबंध आहे का? काही जोड्यांच्या चिनी प्रतिशब्दांत एक अक्षर सामाईक होतं. उदाहरणार्थ ट्रेन आणि हॅम. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, उत्तरांवरही फरक पडला नाही, पण एन४०० बदलला. त्यांनी एकभाषिक गटही घेतले होते. पण मूळ तुलना एकाच माणसाच्या डोक्यात, दोन प्रकारच्या जोड्यांमध्ये आहे आणि ती मराठीत करता येते. वॉटर आणि लीफ घ्या: पाणी, पान, दोन्हींची सुरुवात ‘पा’ने. इंग्रजी कधीपासून शिकलात, दिवसभरात किती वापरता, हे प्रश्नावलीत नोंदवायचं. सगळेच द्विभाषिक असले तरी सारख्या प्रमाणात नसतात, आणि तो फरकच तर मोजायचा आहे.

तुम्ही इंग्रजी शिकवता असं लिहिलंय, तर अशा जोड्या सुचवाच. इंग्रजी शब्द रोजचे हवेत, अर्थाने लांबचे हवेत आणि मराठी प्रतिशब्द एकच, चटकन सुचणारा हवा. ‘सन’ नको, कोणी सूर्य म्हणेल, कोणी ऊन.