अपरिग्रहाचे सात डबे

आयुष्य नव्याने मांडायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको फक्त "कशाला?" म्हणाली. मागच्या खेपेला ती "कधीपासून?" म्हणाली होती. म्हणजे बदल तिच्यात आधीच झाला होता.

मन आवरायचं तर आधी कपाट आवरावं, असा माझा हिशेब. पतंजलींनी योगातल्या यमांमध्ये, म्हणजे संयमाच्या नियमांमध्ये, अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणं) घातलाय, तोही शेवटचा. बहुधा त्यांनाही तो सगळ्यात अवघड गेला असावा. मी कपाटाचा खालचा खण उपसला. सात चार्जर निघाले, ज्यांचे फोन केव्हाच वारले होते. जिची वस्तूच घरात नाही अशी वॉरंटी निघाली. आणि एक किल्ली. दाते झिजलेली, भोकात लाल दोरा. ही कशाची? घरातली सगळी कुलपं लावून पाहिली, शेजाऱ्यांचंही एक पाहिलं (ते घरात होते). टाकवेना. आज टाकली आणि उद्या कुलूप सापडलं तर?

'ठेवायचं', 'टाकायचं' आणि 'बघू' असे तीन ढीग केले. संध्याकाळपर्यंत सगळं 'बघू'त जमा झालं. ते नीट ठेवायला मी सात नवे डबे आणले. अपरिग्रहासाठी!

पुढचा टप्पा ब्राह्ममुहूर्त. एक मुहूर्त 48 मिनिटांचा. सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी हा सुरू होतो आणि 48 मिनिटं आधी संपतो. हे गणित मांडून गजर लावेपर्यंत रात्रीचा एक वाजला. माझ्या फोनचं स्नूझ नऊ मिनिटांचं. पाचदा दाबलं की मुहूर्तातली तीन मिनिटं उरतात, ती चष्मा शोधण्यात जातात.

सवय 21 दिवसांत लागते म्हणतात. हा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लिखाणातला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' वाटेत कुठेतरी गळला. पुढे लंडनच्या संशोधकांनी 96 जणांवर हे तपासून 2010 मध्ये छापलं. एखादी साधी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस, असा अंदाज निघाला. 254 वाला जो कुणी असेल, त्याला मी मनोमन गुरू केलं. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात होतं. ते वाक्य मी मोठ्या अक्षरांत कपाटावर चिकटवलं. 'एखादा' तेवढा माझ्याकडून गळला.

शेवटी दोष फोनवर ढकलला. रात्री तो सातव्या डब्यात घातला, डबा कपाटात ठेवला. तेवढ्यात बायकोने किल्ली पाहिली. "अहो, ही याच कपाटाची!" कपाट कायम उघडंच, त्याला कुलूप आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. मी किल्ली फिरवली. कुलूप लागलं. उलटी फिरवली. अर्धी किल्ली हातात आली, लाल दोऱ्यासकट.

पहाटे कपाटातून गजर सुरू झाला. थोडा वेळ वाजायचा, थांबायचा, नऊ मिनिटांनी पुन्हा. त्या दिवशी अख्खा ब्राह्ममुहूर्त मी जागा होतो, कपाटासमोर मांडी घालून.

आतल्या खोलीतून आवाज आला, "तुमचं परिवर्तन जरा हळू वाजवता येईल का?"