जुळ्याचं दुखणं

इंग्रजी सुधारायचंय ना, मग आधी हमखास गोंधळ होणाऱ्या शब्दांचा सराव करा, असं जो तो सांगतो. सांगणाऱ्याला हे ठाऊक नसतं, की सरावाला बसेपर्यंत त्यातल्या निम्म्या शब्दांबद्दल माझा काहीच गोंधळ नव्हता. ‘अफेक्ट’ त्याच्या जागी सुखात होता, ‘इफेक्ट’ त्याच्या. दोघांची तोंडओळखही नव्हती. सरावसंचाने त्यांना शेजारी बसवलं, वर ‘हे दोघे फार सारखे दिसतात हं, जपून!’ असं बजावलं आणि तेव्हापासून हे जुळ्याचं दुखणं सुरू झालं. एकाला हाक मारावी तर दुसराही दात काढत हजर.

शब्दसंग्रह कसा वाढतो याच्या अभ्यासात हयात घालवलेले न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन सांगत आले आहेत, की सारखे दिसणारे शब्द एकदम शिकवू नका. एक नीट मुरू द्या, मग दुसरा आणा. हे वाचून मला अगदी भरून आलं. सरावसंच काढणाऱ्यांपर्यंत मात्र ही वार्ता पोचलेली दिसत नाही. किंवा पोचलीही असेल, पण मग त्यांचं कसं चालायचं? आधी दुखणं लावून द्यायचं, मग औषध काढायचं.

औषध म्हणजे लक्षात ठेवायच्या युक्त्या. ‘स्टेशनरी’ दोन आहेत. वह्या-पेनांची ‘ई’ची आणि जागचं न हलणाऱ्या वस्तूची ‘ए’ची. युक्ती अशी, की एन्व्हलप ‘ई’ने सुरू होतं, म्हणून कागदपत्रांची स्टेशनरी ‘ई’ची. झकास! ऐन वेळी मात्र एवढंच आठवतं, की कुठेतरी एक लिफाफा होता. तो थांबलेला होता की फिरणारा? लिफाफा तर टपालाने जगभर फिरतो. मग ‘ई’ फिरणाऱ्याचा की थांबलेल्याचा? या युक्तीसाठी आणखी एक युक्ती लागते. शिवाय कुळ शोधावं, तर दोघी एकाच घरच्या निघतात. मध्ययुगात फिरस्ते विक्रेते पुष्कळ. एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो ‘स्टेशनर’. मराठीने दोन्ही स्टेशनरी सारख्याच लिहून हा तंटा कधीच मिटवलाय. (आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ आहेत, हे मान्य. पण सध्या विषय इंग्रजीचा आहे.)

‘अफेक्ट’साठी इंग्रजीवाल्यांनी चक्क डोमकावळा पाळलाय. ‘रिमेंबर, अफेक्ट व्हर्ब, इफेक्ट नाउन’ यांची आद्याक्षरं जुळवली, की ‘रेव्हन’ तयार. अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम. कावळा शिवला, सुटलो, असं वाटतं न वाटतं तोच खाली बारीक अक्षरात टीप: घडवून आणणे या अर्थी ‘इफेक्ट’ क्रियापदही असतं आणि मानसशास्त्रात ‘अफेक्ट’ नामही असतं. उडाला कावळा.

मुळात ज्याला सराव म्हणायचं, त्या ‘प्रॅक्टिस’चंच घोडं अडलेलं. ब्रिटिश इंग्रजीत नाम असेल तर ‘सी’, क्रियापद असेल तर ‘एस’. अमेरिकेत दोन्हीकडे ‘सी’. म्हणजे सरावाला बसण्याआधी वहीवर मथळा लिहितानाच कुठल्या देशात बसलो आहोत ते ठरवायला हवं. ‘लूस’ आणि ‘लूझ’ यांच्याबद्दल मी बोलणारच नाही. एक ‘ओ’ जास्त असलेला सैल असतो आणि एक ‘ओ’ हरवलेला हरतो, इतकं सरळ इंग्रजीत क्वचितच असतं.

उलट ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इनफ्लॅमेबल’. ‘इन’ लागलं की अर्थ उलटतो, हे आपण घोकून घोकून पाठ केलेलं. इथे मात्र दोघांचाही अर्थ एकच: पेट घेणारं. जिथे गोंधळ झाला तर खरोखर कुणीतरी भाजेल अशी ही जोडी माझ्या सरावसंचात नाही. ‘डेझर्ट’ आणि ‘डिझर्ट’ मात्र प्रत्येक पानावर, जणू वाळवंट आणि गोडधोड यांतला फरक मला जिभेवर कळला नसता.

अखेर पडद्यावर फुगे उडाले, ‘शाबास’ झळकलं. जोड्या संपल्या, आता वरची पायरी: त्रिकुटं. पहिल्या प्रश्नाखाली आवाजाचं बटण होतं. दाबलं. बाईंनी गोड आवाजात तीन पर्याय वाचून दाखवले: साइट, साइट आणि साइट.