कर्नलचा मुक्काम कुठे?

विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवताना बाकी सगळं सुरळीत असतं. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, टाइमझोनमध्ये कोलकाता निवडा (मुंबई त्या यादीत नसतेच), पुढे चला. मग पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचं, पान येतं आणि पंख्याचा आवाज अचानक ऐकू येऊ लागतो. पान विचारतं, बूटलोडर (संगणक सुरू होताना सिस्टिमला उठवणारा प्रोग्राम) कुठे टाकू? माझं म्हणणं, प्रश्नच उलटा आहे. आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठे ठेवायचा ते ठरवा. बूटलोडर कोणता घ्यायचा, हे त्यावरून ठरतं.

यूईएफआय फर्मवेअरला (संगणक चालू करताच आधी जागा होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) फॅट या साध्या फाइल सिस्टिमपलीकडचं जग सहसा ठाऊक नसतं. म्हणून डिस्कवर ईएफआय पार्टिशन असतं आणि विंडोज ते बऱ्याचदा १०० एमबीचं करून ठेवतं. म्हणजे सगळ्या भाडेकरूंना मिळून एकच मोरी. त्यात विंडोजची बादली आधीच भरलेली. आता हिशेब करा: कर्नल १०-१५ एमबी, इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) ५० एमबी, आणि त्यात ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर शिरला तर शंभरीही पार. शिवाय जुना कर्नल जपून ठेवायचा, कारण नवा रुसला तर कुणाकडे जाणार?

सिस्टिमडी-बूट हा साधा, गुणी बूटलोडर. पण फर्मवेअरला जे वाचता येतं तेवढंच त्याला वाचता येतं. म्हणजे कर्नल त्या मोरीतच ठेवायचा, नाहीतर त्याच डिस्कवर एक्सबूटएलडीआर प्रकारचं एखाद्या जीबीचं फॅट पार्टिशन वेगळं काढायचं (जीडिस्क या पार्टिशन पाडणाऱ्या साधनात कोड ईए००). हे न केल्यास अपडेटच्या मध्यात 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी ओळ येते आणि शेकडो ओळींच्या गर्दीत निमूट निघून जाते. ती पुढच्या बूटला कर्नल पॅनिक, म्हणजे सुरू होतानाच ठप्प झालेली सिस्टिम, होऊन भेटते. डेबियन लिनक्सवाल्यांनी तर ईएफआय पार्टिशन थेट '/बूट' या कर्नलच्या फोल्डरवर लावूच नये: डीपीकेजी हे पॅकेज बसवणारं साधन फाइल बदलण्याआधी हार्डलिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) करू पाहतं, फॅटला हार्डलिंक माहीत नाही, आणि दोघांच्या भांडणात पॅकेज अर्धवट लटकतं. तिथे '/बूट/ईएफआय' हीच जागा बरी.

ग्रब हा दुसरा बूटलोडर अवजड आहे, त्याची सेटिंग फाइल वाचताना डोळे फिरतात, तरी मल्टिबूटसाठी (एकाच संगणकावर अनेक सिस्टिम) मी त्यालाच मत देईन. त्याला ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमही वाचता येतात, त्यामुळे ज्याचा कर्नल त्याच्या घरी राहतो. मोरीत फक्त काही एमबींचं सामान.

पण दोन लिनक्स आले की गंमत सुरू होते. उबुंटू आणि मिंट एकाच डिस्कवर घ्या: मिंटही ईएफआय पार्टिशनवर 'उबुंटू' याच नावाचं फोल्डर वापरतं. जो शेवटी आला त्याचा पत्ता तिथे राहतो. त्यालाच नंतर कंटाळून पुसलात, की पुढच्या सकाळी काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब>'. घाबरू नका. 'एलएस' देऊन पार्टिशनं बघा, आणि उरलेला लिनक्स समजा पाचव्यावर असेल तर 'कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी' लिहा. मेनू परत येईल. आत शिरल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवायला मात्र विसरू नका.

ओएस-प्रोबर हे शेजाऱ्यांची चौकशी करणारं पात्र: डिस्कवरच्या बाकी सिस्टिम शोधून ग्रबच्या मेनूत घालतं. ग्रब २.०६ पासून ते मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. 'डिसेबल' या शब्दापुढे 'फॉल्स' लिहून ते चालू करायचं, ही नकाराच्या नकाराची शिक्षा वेगळी. तेही शेजाऱ्याच्या कर्नलचं त्या दिवसाचं नाव टिपून ठेवतं. शेजाऱ्याने अपडेट केलं की मेनूत जुनंच नाव. त्यापेक्षा ग्रबच्या '४०_कस्टम' फाइलमध्ये चेनलोडर (दुसऱ्या बूटलोडरकडे सूत्रं देणारी आज्ञा) वापरून थेट शेजाऱ्याच्या शिमकडे, म्हणजे त्याच्या बूटलोडरच्या पहिल्या फाइलकडे, बोट दाखवा, उदाहरणार्थ '/ईएफआय/फेडोरा/शिमएक्स६४.ईएफआय'. मग त्याचा मेनू तो स्वतः सांभाळेल.

हे सगळं जमलं, तरी एखाद्या अपडेटनंतर विंडोज रांगेत पहिला उभा दिसू शकतो. ईएफआयबूटएमजीआर या लिनक्सच्या कमांडला 'ओ' हा पर्याय देऊन क्रम पुन्हा लावता येतो. काही लॅपटॉप मात्र हा क्रम वाचूनही न वाचल्यासारखं करतात. त्यांच्यासाठी ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्यावा, म्हणजे ग्रब 'बूटएक्स६४.ईएफआय' या, फर्मवेअर आपणहून शोधतं त्या नावाने बसतो. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल, तर यातल्या कशालाही हात लावण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ठेवणारे लोकही असतात.