आत्याला अंबाळ्याला नेलं म्हणून

रामटेकहून येऊन हातपाय धुतले नाहीत तोच आतेभावाचा, म्हणजे दादाचा फोन. "काहून नेलं तिला तिथं? जित्याजागत्या माणसाला कोणी अंबाळ्याला नेते का? काही झालं म्हणजे?" मी दोन शब्द बोलून फोन ठेवला. बाकीचे जे घशात अडकले आहेत ते इथे लिहितेय. लांब होईल, वाचायचं तर वाचा.

आपण नागपूरकर रामटेकला कसे जातो, ते तुम्हाला सांगायला नको. कामठी, कन्हान, मनसर, पन्नासेक किलोमीटर. गाडी थेट गडावर. रामलक्ष्मणाचं दर्शन, हातातला प्रसाद वानरांपासून वाचवायची धडपड, मग खिंडसीला बोटिंग, येताना रामटेकची पानं. गडाच्या पायथ्याशी अंबाळ्याचं एवढं मोठं तळं आहे, सभोवती घाट आहेत, देवळं आहेत, तिथूनच गडावर जायच्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत. तिकडे गाडी वळते ती फक्त अस्थींचा कलश घेऊन. वर्षानुवर्षं आपणच तिथे फक्त मरण घेऊन जातो आणि मग आपणच म्हणतो, ती जागा अशुभ.

आता आत्याचं. आजोबा गेले तेव्हा ती विशीतली होती, लेकरू कडेवर. अस्थी घेऊन घरातले पुरुष निघाले तेव्हा तिला दारात थांबवलं. बायका घाटावर जात नाहीत, संपलं. ती ओट्यावर उभी राहून त्यांची पाठ बघत होती, हे तिने मला कितीदा सांगितलंय. त्यानंतर ती रामटेकला काय कमी वेळा गेली? नवस फेडायला गेली, नातवंडांना घेऊन गेली, खिंडसीला डबापार्टीला गेली. दर वेळी म्हणायची, "खाली अंबाळ्याला जाऊ ना जरा." दर वेळी कोणीतरी म्हणायचं, तिथे काय आहे पाहायला. स्वतःच्या बापाला जिथे सोडलं ती जागा या बाईने म्हातारपणापर्यंत पाहिलेली नव्हती. मला याचा इतका राग येतो की काय सांगू.

आज आम्ही सकाळीच पोचलो. घाटावर एका कुटुंबाचं चाललं होतं. न्हावी एका पोराचं डोकं भादरत होता, पोरगा अगदी कोवळा, ओठ घट्ट मिटून बसलेला. पत्रावळीवर पिंड, दर्भ, काळे तीळ. एक वानर पायरीवर बसून पिंडांकडे टक लावून होतं. आत्या हे सगळं बघत हळूहळू खाली उतरली आणि विचारते कशी, "कोणत्या पायरीवरून सोडलं असेल गं बाबांना?" आता हे कोण सांगणार? घेऊन जाणारे सगळेच गेले.

एक गुरुजी मोकळे होते. त्यांनी विचारलं, कोणाचं करायचंय. आत्याने वडिलांचं नाव सांगितलं. गोत्र विचारलं तर माहेरचं सांगितलं, न अडखळता. मला वाटलं, आता हे म्हणतील भावाला आणा. तसं काही ते म्हणाले नाहीत. ताम्हणातले चिमूटभर तीळ तिच्या तळव्यावर ठेवले, वर पळीने पाणी घातलं. आणि आत्याने हात वळवून अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं. पितरांना असंच सोडतात. तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. आयुष्यभर स्वयंपाकघराच्या दारातून घरच्या पुरुषांना करताना बघत आली असणार.

अशुभ म्हणे! अंबाळ्याची गोष्ट तरी माहीत आहे का कोणाला? सांगतात की अंब नावाचा राजा होता, त्याला महारोग झाला, तो या पाण्याने बरा झाला, म्हणून अंबाळा. जिवंत माणूस बरा झाल्याची गोष्ट आहे ती! आणि मेघदूताचा पहिलाच श्लोक काढा. रामगिरीचं पाणी पुण्याचं का, तर सीतेने त्यात स्नान केलं म्हणून. तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे म्हणणं नागपूरच्या संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी आयुष्यभर मांडलं. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक घराण्याची प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीने राज्य चालवलेली बाई. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या, म्हणजे तिथल्या देवाच्या, पायांपाशी दिलेला आहे. गडाच्या वाटेवर केवल नृसिंहाचं देऊळ आहे, त्यातला झिजलेला शिलालेख वाचून अभ्यासक सांगतात की प्रभावतीच्या लेकीने आईच्या स्मरणार्थ तिथे देऊळ उभारलं. पाचव्या शतकात! लेकीने आईसाठी देऊळ बांधलं तिथे, आणि माझ्या आत्याला बापासाठी ओंजळभर पाणी सोडायला म्हातारपण यावं लागलं. कोणाचा धर्म सांगता तुम्ही मला?

दादाचं एक खरं, पायऱ्या निसरड्या आहेत. शेवाळ आहे, म्हाताऱ्या माणसाचा पाय गेला तर कंबरडं मोडेल. मान्य. म्हणून मी दंड धरून होते. आणि घाण आहे, तीही मान्य. पण ती कोणी केली? माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या कपड्यातल्या माणसाने निर्माल्याची पिशवी गाठ मारलेली तशीच पाण्यात भिरकावली, हात जोडले आणि गाडीकडे गेला. पिशवी बुडेना, घाटाला लागून तरंगत बसली. जिथे जिवंतपणी कोणी फिरकत नाही त्या जागेची काळजी कोण घेणार? आत्या मला म्हणाली, "काठी दे." त्या काठीने तिने पिशवी ओढून घेतली, फुलं काढून पायरीच्या कडेला ठेवली, पिशवी झटकून पिळली आणि आपल्या थैलीत टाकली. तिच्या बाबांच्या पाण्यात प्लास्टिक नको होतं तिला.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. दादा वाईट नाही. त्याला आई हवी आहे, आईचं मरण जवळ आल्यासारखं वाटतं तिथली कुठलीच गोष्ट त्याला सहन होत नाही. मी समजू शकते. पण दादा, तुझी आई तिथे रडली नाही रे. गाडीत बसल्यावर तिने सांबारवडी मागितली, दोन खाल्ल्या, आणि कन्हानपर्यंत बाबांचे किस्से सांगत होती. ते किस्से मी आजवर ऐकले नव्हते, तूही ऐकले नसशील. रविवारी ये आणि तिच्याकडूनच ऐक.

आणि बाकीच्यांनो, तुमच्या घरीही अशी कोणी असेल. आजी, मावशी, मोठी काकू, जिला कधीतरी दारात थांबवलंय. विचारा तिला. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी टाळून साध्या दिवशी जा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. न घसरणारी चप्पल, काठी, कोरडं लुगडं सोबत घ्या. गाडी नसेल तर मला मेसेज करा, माझ्या गाडीत मागे जागा असते.