‘जुगाऱ्याचं कौतुक कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, आणि तो का आला हे दुसऱ्यांदा वाचताना कळलं. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत, जिथे मला लिहितानाच थोडं टोचत होतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेव्हिड दानेशगर हा अमेरिकेतला व्यावसायिक पोकर खेळाडू. २००८ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली १,५०० डॉलर प्रवेशशुल्काची एक स्पर्धा जिंकून त्याने सहा लाखांहून जास्त डॉलर कमावले. पुढे फर्बोद शोराका आणि ग्रेग वाइस्टीन यांच्याबरोबर त्याने ‘ब्लूमनेशन’ ही फुलवाल्यांसाठीची ऑनलाइन बाजारपेठ उभी केली. सुरुवातीच्या पैशांसाठी मित्रांनी त्याला एका पोकर स्पर्धेत बसवलं आणि तो ३० हजारांच्या आसपास डॉलर घेऊन परतला. यावर तुम्ही लिहिलंत: “नशीब फळफळलं म्हणून जुगारी उद्योजक झाला. द्यूतापायी धर्मराजाचं काय झालं ते विसरलात का? पत्त्यांवर कंपन्या उभ्या राहतात असं पोरांना शिकवू नका. आणि हरलेल्यांच्या गोष्टी कोण लिहिणार?”

त्या ३० हजारांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तो किस्सा मी लेखाच्या सुरुवातीला घेतला, कारण तो चटकदार आहे. दुसरं काही कारण नाही. मोठ्या पोकर स्पर्धेत शंभरातले दहा-पंधरा जणच काही घेऊन उठतात. खेळाडू कितीही पट्टीचा असला तरी बहुतेक दिवशी तो रिकाम्या हाताने घरी जातो. त्या दिवशी दानेशगर हरला असता तर मला तो किस्सा कळलाही नसता, आणि तशा हरलेल्या दिवसांतून निघालेल्या कंपन्यांबद्दल मला काहीच ठाऊक नाही असा त्याचा अर्थ होतो. एवढंच म्हणेन की तो हरला असता तर गेलं असतं प्रवेशशुल्क. घर गहाण नव्हतं, दागिने मोडले नव्हते. या तपशिलावर मी एक ओळसुद्धा खर्च केली नाही, आणि खरं तर लेख त्याच्यावरच उभा राहायला हवा होता.

कारण धर्मराजाची तुमची उपमा मला फार आवडली, फक्त ती माझ्या बाजूने साक्ष देते. युधिष्ठिराने जे केलं त्याला पोकरवाल्यांच्या बोलीत ‘टिल्ट’ म्हणतात. एक डाव गेला, तो भरून काढायला मोठा डाव लावला, तोही गेला, मग राज्य, मग भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी. समोर शकुनी आहे, फासे त्याचे आहेत, आपण हरत चाललोय, हे सगळं दिसत असूनही उठता येत नाही. पोकरवर पोट भरणारा माणूस सगळ्यात आधी हेच टाळायला शिकतो. खेळासाठीचा पैसा वेगळा ठेवायचा, त्याला बँकरोल म्हणतात, आणि त्यातला अगदी छोटा हिस्साच एका वेळी टेबलावर न्यायचा. हा नियम मोडणारे कितीही हुशार असोत, काही वर्षांत दिसेनासे होतात.

‘नशीब फळफळलं’ एवढ्यावर मात्र मी तुम्हाला सोडणार नाही. रूलेटच्या चक्रासमोर तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता आणि गणित कायमचं कॅसिनोच्या बाजूने असतं. पोकरमध्ये तुम्ही टेबलाभोवती बसलेल्या माणसांविरुद्ध खेळता. कॅसिनो फक्त आपला वाटा, म्हणजे रेक, कापून घेतो. शिकागो विद्यापीठातल्या स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीजचे आकडे तपासले. जे खेळाडू स्पर्धेआधीच तरबेज म्हणून ओळखले जात होते त्यांना गुंतवलेल्या पैशांवर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला, तर बाकीच्यांचे सरासरी १५ टक्क्यांहून जास्त पैसे बुडाले. निव्वळ सोडत असती तर कोण जिंकणार हा कल आधी सांगता आला नसता.

पण नशीब नाहीच असंही नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. तुमच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, आणि सगळे पैसे मध्ये गेले. याहून चांगली वेळ पोकरमध्ये क्वचितच येते. तरीही टेबलावर पुढे उघडणाऱ्या, सगळ्यांच्या सामायिक पानांमुळे साधारण पाच-साडेपाच वेळांत एकदा तुम्ही हरता. त्या रात्री झोपताना स्वतःला काय सांगायचं? पैसे टाकायला नको होते? तसं ठरवलंत तर पुढच्या वेळी तुम्ही चूक कराल. निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बाकीचे लोक निकालावरून निर्णय जोखतो. पोकरवाल्याला ते परवडत नाही.

दुसरी गोष्ट डाव सोडण्याची. टीव्हीवर ब्लफ दिसतात, काळे चष्मे दिसतात. प्रत्यक्षात चांगला खेळाडू बहुतेक वेळा पानं बघून ती शांतपणे खाली टाकतो. पॉटमध्ये, म्हणजे डावावर लागलेल्या पैशांच्या ढिगात, आपले किती पैसे गेलेत याचा हिशेब त्या क्षणी करायचाच नसतो. ते पैसे आता आपले नाहीत. इथे माझीच फजिती सांगतो. मी एक छोटं संकेतस्थळ दोन वर्षं ओढत बसलो होतो. सहाव्या महिन्यातच कळून चुकलं होतं की कुणाला त्याची गरज नाही, पण ‘इतकं केलंय तर आता...’ म्हणत पुढचं दीड वर्ष घातलं. धाडस पुरेसं होतं, पानं खाली टाकण्याची सवय नव्हती. म्हणून ‘पोकरवाले धाडसी असतात, त्यामुळे चांगले उद्योजक होतात’ हे जे सर्रास लिहिलं जातं, ते मला उलटं वाटतं.

आता तुमच्या प्रतिक्रियेत नसलेला, पण तुमच्याच बाजूचा एक मुद्दा मीच देतो. ऑनलाइन खेळणारे व्यावसायिक एकाच वेळी अनेक टेबलं उघडून बसायचे आणि दिवसाला हजारो हात, म्हणजे डाव, खेळायचे. इतक्या हातांत नशिबाचे चढउतार विरत जातात आणि कौशल्य वर येतं. कंपनी काढणाऱ्याला आयुष्यात असे हात मिळतात किती? दोन, तीन, फार तर पाच. तेवढ्यात एक्के दोनदा हरले तर खेळ संपला. मी लेखात ही तुलना जशी सरळ रेषेत ओढली होती तशी ती जात नाही.

आणि कंपनीच्या बाबतीतही पत्त्यांना मी जरा जास्तच श्रेय दिलं. शोराकाच्या नात्यातल्या एका बाईंचं फुलांचं दुकान होतं आणि त्यांची तक्रार बहुतेक फुलवाल्यांची होती. गिऱ्हाईक मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर कॅटलॉगमधला फोटो बघून पैसे भरतं. कंपनी आपला कट कापून ऑर्डर गावातल्या दुकानाकडे पाठवते. उरलेल्या पैशांत दुकानदाराने फोटोतल्यासारखा गुच्छ करायचा. गुच्छ किरकोळ निघाला की शिव्या दुकानदाराला. ब्लूमनेशनने फुलवाल्याला स्वतःच्या गुच्छांचे फोटो, स्वतःच्या किमती लावून थेट विकायची सोय दिली. ही कल्पना फुलांच्या दुकानातली आहे. दानेशगर तिथे नसता तरी तक्रार तिथे होतीच.

‘पोकर समाजाला काय देतं?’ असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तुमच्या रागामागे तेच असावं. काही नाही देत. माझ्या खिशातला पैसा तुमच्या खिशात, मधला थोडा कॅसिनोच्या गल्ल्यात. मला वाटतं, काहीजण त्यातून बाहेर पडले ते ह्याच कंटाळ्याने. काहींना तर सोडण्यावाचून पर्यायच नव्हता: १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या ऑनलाइन पोकर कंपन्यांवर खटले भरून त्यांची संकेतस्थळं ताब्यात घेतली आणि तिथल्या असंख्य ऑनलाइन खेळाडूंचा धंदा एका दिवसात बसला. टेलर कॅबी या ऑनलाइन पोकर खेळाडूसारखे मोजके त्याआधीच सावध होते. त्याने विद्यापीठातल्या मित्राबरोबर २००५ मध्येच ‘कार्डरनर्स’ हे पोकर शिकवणारं संकेतस्थळ काढलं होतं. (शिकवणीची फी पोकरच्या पॉटपेक्षा भरवशाची, हे कळायलाही थोडी अक्कल लागते!)

तर, मूळ लेखातला ३० हजारांचा किस्सा मी सुरुवातीवरून काढून खाली नेतोय आणि हातांच्या संख्येचा मुद्दा त्यात घालतोय. ‘जुगारी’ हा तुमचा शब्द मला अजूनही पटत नाही, पण प्रतिक्रिया आहे तशीच राहू देतो. आणि हरलेल्यांच्या गोष्टी कोण लिहिणार म्हणालात ना, पुढचा लेख त्यांचाच आहे. २०११ मध्ये फुल टिल्टच्या खात्यांत पैसे अडकलेल्या अमेरिकी खेळाडूंचा. ते पत्त्यांत हरले नव्हते, खात्यावर शिल्लक दिसत होती, फक्त ती द्यायला कंपनीकडे पैसेच नव्हते. परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडलं. वाचून बघा आणि पुन्हा असंच खरमरीत लिहा.