ब्रशला आधी रेडियमने बाजूला सारलं

नमस्कार. प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं की ट्रक-रिक्षांवर पेंटरने रंगवलेल्या अक्षरांवरचा माझा लेख म्हणजे नुसते उमाळे. पेंटर ट्रक दोन-दोन दिवस अडवून ठेवायचा, वर 'आशिर्वाद' असं चुकीचं लिहून मोकळा व्हायचा आणि डिजिटल प्रिंटिंगमुळे मालकाचा वेळ-पैसा वाचला.

वेळेचं मान्य. ऑइलपेंट सुकायला वेळ लागतो आणि गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. शुद्धलेखनाचं श्रेय मात्र यंत्राला देऊ नका. तोच 'आशिर्वाद' आता विनाइलवर (म्हणजे प्लास्टिकच्या स्टिकरवर) येतो, तोही दहा गाड्यांवर एकसारखा!

खरा मतभेद पुढे आहे. ब्रशचं काम डिजिटल प्रिंटरने हिसकावलं, असं तुम्ही धरून चालता. ते त्याआधीच रेडियमवाल्यांनी, म्हणजे गाड्यांना स्टिकरची अक्षरं कापून लावणाऱ्यांनी, घेतलं होतं. त्यांचा कटिंग प्लॉटर काही छापत नाही, फक्त अक्षराच्या कडेने रंगीत स्टिकर कापतो. देवनागरीचे हाल झाले ते इथे. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपली शिरोरेघ सोबत घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षराच्या रेघेवर जरासं चढतं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं वेल्ड करून एकजीव केली नाहीत, तर पातं प्रत्येक सांध्यावर चीर मारतं. मग धुण्या-पुसण्यात त्याच चिरांपासून कडा उचलतात. रिक्षांच्या मागे तुकड्या-तुकड्यांची शिरोरेघ दिसते ती यामुळे. पेंटर खडूच्या दोरीने रेघ आखायचा. त्याला हा प्रश्नच नव्हता.

प्रिंटरने ही अडचण सोडवली, शिवाय फोटो आणि छटा आणल्या. हे मी नाकारत नाही. पण 'स्वस्त' म्हणताना कुठलं विनाइल ते सांगा. स्वस्तातलं कॅलेंडर्ड विनाइल पत्र्याच्या खाचांत ताणून बसवलं की हळूहळू आखडतं आणि खाचेवर सुटून तंबूसारखं उभं राहतं. कास्ट विनाइल पातळ, साधारण 50 मायक्रॉनचं. ते नीट बसतं, पण चांगलंच महाग. वर उन्हासाठी लॅमिनेशन आलंच. फाळका घासला गेला तर पेंटर तेवढंच अक्षर पुन्हा भरायचा. छापील चित्राचा तुकडा नवा लावला, तर जुन्या उडालेल्या रंगाशी तो जुळत नाही.

आणि पेंटरचं काही काम तर कायद्यानेच गेलं. 2015 मध्ये महाराष्ट्राने व्यावसायिक गाड्यांवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला बंदी घातली. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली. त्यात रेडियमवाल्याचाही धंदा बसला.

पेंटरांनीच पुढे मशीन घेतली, हे तुमचं बरोबर आहे. अशांच्या दुकानात मराठी अक्षरांमधलं अंतर बघा आणि मग फक्त कोरल शिकलेल्या पोराच्या दुकानात बघा. फरक दिसला नाही, तर पुन्हा भांडू.

राहता राहिला शेवटचा टोमणा: माझ्या स्वतःच्या गाडीवर काय रंगवलंय? काही नाही. घरून परवानगी नाही.